पंच्याण्णव अंशांचा ओटा

कोंडूला कुणी काळा म्हणालं तर तो हसायचा. कुणी कंजूस म्हणालं तरी हसायचा, वर म्हणणाऱ्याच्याच घरी चहा पिऊन जायचा. पण त्याने बांधलेल्या कोपऱ्याला वाकडा म्हणायची सोय नव्हती. अठरा वर्षं त्याने कल्याणात आणि बदलापुरात दुसऱ्यांच्या हाताखाली भिंती उभ्या केल्या, आणि तेवढ्या काळात एकाही इंजिनियरने त्याचा कोपरा पाडून पुन्हा बांधायला लावला नव्हता. हे तो आल्यागेल्याला सांगायचा. समोरच्याने विचारलं नसलं तरी सांगायचा.

तर अशा माणसाचा कोपरा वाकडा निघाला. बरं, एक नाही, चारच्या चार. आणि काढला कुणी? त्याच्याच पोरीने!

त्याचं असं झालं. सिद्धगडाच्या पायथ्याशी कुसळवाडी नावाचं गाव आहे. धसईहून दिवसातून दोनदा एसटी येते, तीही ड्रायव्हरच्या मनात असेल तर. गावात जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक आणि एकतीस पोरं. ही पोरं दुपारची खिचडी आंब्याखाली धुळीत बसून खायची. पोरं कमी खायची आणि कोंबड्या जास्त. शेवटी गावाने मनावर घेतलं आणि शाळेपुढे एक ओटा बांधायचं ठरलं, वर पत्र्याची शेड. शाळा समितीचा अध्यक्ष राघो. त्याने काम दिलं कोंडूला.

कोंडूच्या स्वतःच्या नावावरचं हे पहिलं काम. दिवाळीच्या आत त्याने ओटा उभा केला. घोटून घोटून असा गुळगुळीत केला की पोरं खिचडी सांडली तरी उचलून खातील. आणि एवढा जीव ओतायला कारण होतं. मारुतीच्या देवळासमोर सभामंडप बांधायचा होता. ते काम कुणाला द्यायचं हे भाताची झोडणी उरकली की शनिवारच्या बैठकीत ठरणार होतं. काम कोंडूला मिळालं तर वर्षभर घरी राहता येणार, आणि मंडप बघून आजूबाजूच्या गावांतूनही बोलावणी येणार. नाही मिळालं तर परत कल्याण. परत ती पत्र्याची खोली, सहा जणांत एक स्टो, आणि पंधरा दिवसांतून एकदा घर. कोंडूला आता ते नको होतं. पोरगी, प्रियांका, पाचवीत गेली होती. तिच्या पहिलीपासून पाचवीपर्यंतच्या वाढीतलं त्याने फक्त रविवार रविवार बघितलं होतं.

मंडपावर डोळा दुसऱ्याचाही होता. एसटीच्या थांब्यावर जैतूची चहाची टपरी आहे. जैतूचा साडू कल्याणला ठेकेदार. "मंडप म्हंजे पिलर आला, स्लॅब आला. हे काय ओट्याचं काम हाय?" असं जैतू प्रत्येक चहाबरोबर सांगायचा. चहा पाणचट असायचा, पण हे सांगणं कडक.

आता हरेश सर. हे शहापूरचे. तापट माणूस, पण शिकवायचं वेड असं की जेवतानासुद्धा भाकरी काटकोनात मोडायचे. दिवाळीनंतर त्यांनी पाचवीच्या सात पोरांना कोन मोजायला शिकवायचं काढलं आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या डोक्याला ताप झाला. धसईच्या बाजारातून आणलेल्या कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी. एक डावीकडून चालते, एक उजवीकडून. पोरं हवी ती ओळ पकडायची.

"ऋतिक, हा कोन किती?"

"एकशे तीस सर."

"अरे, हा पोपटाच्या चोचीएवढा कोन एकशे तीस? मग दार सताड उघडलं तर किती होईल? पाचशे?"

ऋतिक हा जैतूचा मुलगा. त्याने नीट विचार केला. "दार केवढा मोठा हाय त्यावर हाय सर."

सरांनी खडू खाली ठेवला. चार दिवस हाच खेळ चालला. पाचव्या दिवशी ते तिरमिरीत म्हणाले, "आकडेच नकोत! आकडे बघता म्हणून कोन बघत नाही तुम्ही!" आणि त्यांनी स्वतःचा कोनमापक बनवायला घेतला. त्यासाठी एक्स-रेची मोठी काळी फिल्म लागत होती. ती राघोने दिली. मागच्या पावसात राघो शेताच्या बांधावरून घसरला होता आणि मुरबाडला जाऊन त्याने गुडघ्याचा फोटो काढला होता. सरांनी ती फिल्म सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून घासली. काळा रंग बराचसा गेला, पण राघोचा गुडघा मधोमध तसाच राहिला. मग सरांनी तिचं भलंमोठं अर्धवर्तुळ कापलं आणि कडेने दर पाच अंशांवर सुईने रेघ कोरली. आकडा एकही नाही.

"आडवी कड कोनाच्या एका बाजूवर ठेवायची. तिथून दुसऱ्या बाजूपर्यंत रेघा मोजायच्या आणि पाचाने गुणायचं. डावं-उजवं ही भानगडच नाही. कोनही येईल आणि पाचाचा पाढाही पाठ होईल. समजलं?"

"समजलंऽऽ," सातही जण म्हणाले.

पोरं असं एका सुरात म्हणाली की त्यांना काही समजलेलं नसतं. बारा वर्षांच्या नोकरीत सरांना एवढं कळायला हवं होतं. पण सरांना घाई होती. शहापूरला बहिणीचा साखरपुडा होता, तीन दिवसांची रजा टाकली होती, आणि मोटारसायकल सकाळपासून सुरू होत नव्हती. त्यांनी गृहपाठ दिला, "नव्या ओट्याचे चारही कोपरे मोजून वहीत लिहा." कोनमापक दिला प्रियांकाच्या हातात. कारण मोजण्यात प्रियांकाचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं.

हे खरंच होतं. खळ्यावर भात मोजताना कोंडू पायली भरून ओतायचा आणि प्रियांका शेजारी बसून मोजायची. लाभ, दोन, तीन, चार. शंभर पायल्या झाल्या, दोनशे झाल्या, मध्ये कुणी येऊन गप्पा मारून गेलं, तरी पोरीचा आकडा हलायचा नाही. लोक आपापल्या खळ्यावर तिला बोलावून न्यायचे. कोंडू स्वतः चौथीत गणिताला कंटाळून शाळेतून पळालेला, त्यामुळे त्याला पोरीचं फार कौतुक. कल्याणच्या खोलीत त्याने अठरा वर्षांतली शेवटची पाच वर्षं सगळ्यांना हेच ऐकवलं होतं.

बुधवारी मधल्या सुट्टीत सात पोरं ओट्यावर चढली. प्रियांकाने कोपऱ्यावर कोनमापक ठेवला. आडवी कड ओट्याच्या एका कडेला बरोबर जुळवली. दुसरी कड फिल्ममधून खालून दिसत होती. ओठ हलवत तिने रेघा मोजल्या.

"एकोणीस."

"एकोणीस पाचे पंच्याण्णव," ऋतिक म्हणाला.

मग ऋतिकने मोजलं. एकोणीस. मग बाकीच्या पाचांनी मोजलं. एकोणीस, एकोणीस, एकोणीस. दुसरा कोपरा पंच्याण्णव, तिसरा पंच्याण्णव, चौथाही पंच्याण्णव. आणि वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात सरांनी लाल खडूने चौकट करून लिहून ठेवलं होतं, काटकोन म्हणजे नव्वद अंश.

सगळ्यांनी प्रियांकाकडे बघितलं. ऋतिकने नाही बघितलं, कारण तो तोवर टपरीवर पोचलासुद्धा होता.

जैतूला कोन म्हणजे काय हे माहीत नव्हतं, पण पाच जास्त आहेत एवढं त्याला पुरलं. "पाच अंश!" तो गिऱ्हाइकांना सांगू लागला. "अरे, माणसाचा ताप पाच अंश वाढला तर माणूस जगत नाय. वट्टा कसा जगल? आन तो मारुतीवर मंडप घालणार!"

संध्याकाळी कोंडू घरी आला तेव्हा प्रियांका दाराशी बसली होती. फिल्म मांडीवर.

"बाबा, वट्टा पंच्याण्णव आला."

"काय पंच्याण्णव?"

"कोपरा. नव्वद पायजे होता."

कोंडू मोठ्याने हसला. हसत हसतच आत गेला आणि आपला गुण्या घेऊन आला. गुण्या म्हणजे गवंड्याचा काटकोन, लोखंडी. कल्याणला पहिल्या पगारात घेतलेला, तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवलेला. घरात देवाच्या खालोखाल त्याचा मान. "हा घे. याला मोज. मग तुझ्या त्या राघोच्या गुडघ्याला कळल, नव्वद काय असता ते."

प्रियांकाने गुण्या फिल्मखाली ठेवला. कड जुळवली. ओठ हलले.

"एकोणीस."

"परत मोज."

"एकोणीसच, बाबा."

कोंडूच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे गुण्याच वाकडा? अठरा वर्षं? त्याच्या डोळ्यांपुढून बदलापूरच्या सगळ्या बिल्डिंगा एकामागून एक गेल्या. सात मजल्यांची, अकरा मजल्यांची, ती पोहण्याच्या तलावाची. सगळ्या पाच अंशांनी वाकड्या. आत माणसं राहत होती, झोपत होती, लेकरं वाढवत होती.

त्याची बायको रेश्मा चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "अवो, पडल्या असत्या तर फोन आला असता."

गुरुवारी अख्खं गाव ओटा बघायला लोटलं. दोन महिने त्याच ओट्यावर बसून गप्पा मारणारी माणसं आता लांब उभी राहून माना तिरक्या करून बघायला लागली. "आता सांगितल्यावर दिसतंय हां," एक जण म्हणाला. दुसऱ्याला तर पहिल्या दिवसापासून दिसत होतं, फक्त तो बोलला नव्हता. राघो लंगडत आला. त्याने एका पोराच्या खिशातली गोटी मागून घेतली आणि ओट्यावर ठेवली. गोटी घरंगळत गेली आणि खाली पडली.

"बघा!" जैतू ओरडला.

"अरे, तो पाण्याचा उतार हाय!" कोंडू ओरडला. "उतार ठेवला नाय तर पाणी साचल!"

पण ऐकतो कोण? गोटी घरंगळताना सगळ्यांनी बघितली होती. राघो त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कोंडू, माझा तुझ्यावर इश्वास हाय रे. पण सात पोरांनी मोजलाय. शिकलेली पोरं हायेत. शनवारी बघू."

त्या संध्याकाळी रेश्माने माळ्यावरून कल्याणला जायची पिशवी खाली काढली आणि झटकली.

शुक्रवारी सकाळी गाव कामाला गेल्यावर कोंडू एकटाच ओट्यावर आला. गुण्यावर आता भरवसा नव्हता. पण गुण्याच्याही आधीचं एक हत्यार गवंड्याकडे असतं, ते म्हणजे दोरी. त्याच्या जुन्या मिस्त्रीने शिकवलेलं होतं. कोपऱ्यातून एका कडेला तीन फुटांवर खूण करायची, दुसऱ्या कडेला चार फुटांवर. दोन खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर पाच फूट भरलं, तर कोपरा काटकोन. यात लोखंड नाही, फिल्म नाही, कुणाचा गुडघा नाही. चुकायला जागाच नाही.

पहिला कोपरा, पाच फूट. दोराभर जास्त नाही, दोराभर कमी नाही. दुसरा पाच. तिसरा पाच. चौथ्याला त्याने दोरी दोनदा ताणून बघितली. पाच!

कोंडूने दोरी हवेत उडवली. त्याला नाचावंसं वाटलं. ओटा सरळ होता, गुण्या सरळ होता, बदलापूर सरळ होतं!

आणि मग त्याचा आनंद जागच्या जागी विझला. ओटा सरळ, तर पोरगी चुकली. उद्या बैठकीत ही दोरी लावून दाखवायची म्हणजे सगळ्या गावासमोर प्रियांकाचं मोजणं खोटं पाडायचं. मोजण्यात पहिली, म्हणून सरांनी जिच्या हातात कोनमापक दिला ती. लोक खळ्यावर बोलावतात ती. परत तिला कोण बोलावणार? आणि जैतू काय बोलणार ते तर आत्ताच ऐकू येत होतं.

त्याने वर बघितलं. पाचवीच्या खिडकीत प्रियांका उभी होती. तिने किती बघितलं, काय बघितलं, काही कळलं नाही. तो दोरी गुंडाळत घरी गेला.

शनिवारी दुपारी ओट्यावरच बैठक भरली. वाकडा म्हणून बसायचं कुणी सोडलं नव्हतं. पोरं कडेने उभी. राघोने घसा खाकरला, देवाचं नाव घेतलं, गुडघ्याला हात लावला आणि म्हणाला, "मंडपाचा बोलायच्या आधी या वट्ट्याचा काय ते होऊन जाऊ दे."

"होऊन काय जायचंय?" जैतू म्हणाला. "एक तर बाप वाकडा नाय तर पोरगी वाकडी. दोघं सरळ कशी असतील?"

कोंडू उठला. दोरी खिशात होती. त्याने खिशात हात घालून ती घट्ट धरली, आणि हात तसाच रिकामा बाहेर काढला.

"वट्टा वाकडा हाय," तो म्हणाला. "माझी चूक झाली. पोरीने बरोबर मोजलाय."

त्याच क्षणी पोरांतून आवाज आला, "वट्टा सरळ हाय! माझं मोजणं चुकलंय!"

प्रियांका पुढे आली होती. डोळे भरलेले, पण हनुवटी वर.

"तू गप गो," कोंडू म्हणाला. "वाकडा हाय."

"सरळ हाय!"

"मी बांधलाय, मला म्हायती! वाकडा!"

"मी मोजलाय, मला म्हायती! सरळ!"

राघो एकदा बापाकडे आणि एकदा पोरीकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांत त्याने भांडणं पुष्कळ मिटवली होती, पण आपलीच चूक म्हणून दोन माणसं एवढी भांडताना त्याने कधी बघितली नव्हती. जैतूही गोंधळला. दोघंही चुकलो म्हणत होते, तर आता त्याने कुणाला हसायचं?

तेवढ्यात फटफट करत मोटारसायकल आली. हरेश सर. हातात साखरपुड्याच्या पेढ्यांचा खोका. उतरल्या उतरल्या चौघांनी चार बाजूंनी त्यांना सगळं सांगितलं. सरांनी वही मागितली. वहीत बघितलं आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"चारही कोपरे पंच्याण्णव?"

"चारही, सर," ऋतिक आनंदाने म्हणाला.

"अरे, चौकोनाचे चार कोन मिळून तीनशे साठ होतात. कसाही काढा, वाकडा काढा, तिकडा काढा, बेरीज तीनशे साठच. एक कोपरा फाकला तर दुसरा मिटतो. तुमची बेरीज तीनशे ऐंशी! चारही कोपरे फाकलेला सरळ कडांचा चौकोन अजून जन्माला यायचाय!"

गावाला यातलं फारसं कळलं नाही, पण ओटा सुटला एवढं कळलं. लोक कोंडूकडे वळले. कोंडू मात्र पोरीकडे बघत होता. तिने मान खाली घातली होती. जे नको होतं तेच झालं होतं.

"सर," तो चाचरत म्हणाला, "पोरगी मोजण्यात चुकत नाय वो. फिल्म चुकली असंल. गुडघा मधी येत असंल."

"माझ्या गुडघ्याला काय बोलायचा नाय," राघो म्हणाला.

सर विचारात पडले. वीस अंश जास्त. चार कोपरे. म्हणजे प्रत्येकात पाच, म्हणजे प्रत्येक वेळी एकच रेघ जास्त. आणि सातही जणांची तीच. "प्रियांका, इकडे ये. इथे कोपऱ्यावर ठेव. आता मोज. मनात नाही, मोठ्याने."

प्रियांकाने फिल्म ठेवली. कड जुळवली. नाक ओढलं. आणि ओट्याच्या कडेवरच्या अगदी पहिल्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "लाभ. दोन. तीन. चार..."

"थांब! पहिल्या रेघेला काय म्हणालीस?"

"लाभ."

"लाभ का?"

प्रियांकाला प्रश्नच कळेना. "मोजताना पयल्याला एक म्हणू नये ना सर. बरकत जाते. लाभ म्हणायचं."

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांची आजीसुद्धा शहापूरला भात मोजताना हेच म्हणायची. "अगं माझे आई! लाभ म्हण, नाही तर एक म्हण, त्याचं काही नाही. पण पहिली रेघ मोजायचीच नाही! तिथे कोन सुरूच झालेला नाही. तिथे शून्य!"

ओट्यावर कुजबुज झाली. राघोचा चेहरा गंभीर झाला. "गुरुजी, तुमी शिकलेले. पण मोजायला बसल्या बसल्या शून्य? पयल्याच बोटाला शून्य म्हटला तर घरात काय राहील? आमच्या खळ्यावर असा कुणी बोलला तर आमी त्याला उठवू."

"अहो, हे भात नाही!"

"भात नाय तर काय झाला? मोजणं ते मोजणंच."

सर समजावू लागले. पायली ओतली की भात पडतं म्हणून ती मोजायची. पहिल्या रेघेला काही पडलेलंच नाही. राघो हट्टाला पेटला. माणसं दोन बाजूंना झाली. पोरांचे चेहरे तर कोरेच. सरांचा आवाज चढायला लागला तसा कोंडू पुढे झाला.

"सर, मी सांगू?" त्याने खिशातून दोरी काढली. ऋतिकला कोपऱ्यात बसवलं आणि दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं. "हा ऋतिक म्हंजे खुंटी. दोरी इथं बांधली. मी चालत निघालो. हा एक फूट, हा दोन फूट. आता मला सांगा, खुंटीला कुणी फूट म्हणतो का रे?"

"नाय," पोरं म्हणाली.

"का नाय?"

"तिथनं अजून चाललोच नाय!" प्रियांका म्हणाली. आणि बोलता बोलता तिचं तोंड उघडं राहिलं. "बाबा! पयली रेघ म्हंजे खुंटी!"

"खुंटी. तिला शून्य नको, लाभ नको, काय नको. तिथनं पुढच्या रेघेला लाभ म्हण."

प्रियांका परत फिल्मवर वाकली. बोट पहिल्या रेघेवर. "खुंटी. लाभ. दोन. तीन..." पोरं तिच्याबरोबर म्हणायला लागली. दहानंतर मोठी माणसंही म्हणायला लागली. पंधराला जैतूचाही आवाज आला. "सोळा. सतरा. अठरा!"

"अठरा पाचे?" सरांनी विचारलं.

"नव्वद!" अख्खं गाव ओरडलं. आंब्यावरचे कावळे उडाले.

राघोने बरकत वाचली म्हणून सुस्कारा सोडला. सर स्वतःशीच पुटपुटले, "चार दिवस घसा फोडला मी, आणि खुंटी सुचली नाही." मग पेढ्यांचा खोका फोडला. पहिला पेढा त्यांनी कोंडूला दिला.

"तर मंडप कोंडूचा," पेढा तोंडात ठेवून राघो म्हणाला. "कोपरे मोजायला प्रियांका. मान्य?"

"पण ती गोटी घरंगळली त्याचं काय?" जैतूने विचारलं. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ऋतिकनेसुद्धा नाही, तो अजून खुंटी होऊन बसला होता.

घरी येताना बापलेक शेताच्या कडेने चालत आले. रेश्मा पुढे गेली होती, तिला कल्याणची पिशवी माळ्यावर टाकायची घाई होती. शाळा मागे पडली. मग कोंडूने विचारलं, "तू खोटं का बोललीस गो? मोजणं चुकलं म्हणून?"

"खोटं कुठं? चुकलंच होतं."

"पण तवा तुला कुठं म्हायती होतं?"

"काल तुमची दोरी बघितली ना खिडकीतनं. चारी कोपऱ्यांना. चौथ्याला तुमी दोरी उडवलीत. मग कळलं मला." ती थांबून त्याच्याकडे वळली. "माझं तर खरंच निघालं बाबा. तुमचं खोटं होतं. तुमाला म्हायती होतं वट्टा सरळ हाय, तरी वाकडा म्हणालात."

आयुष्यात पहिल्यांदा कोंडूने आपल्या कोपऱ्याला वाकडा म्हटलं होतं, तेही चारचौघांत, अख्ख्या गावासमोर. आणि त्याला त्याचं जरासुद्धा वाईट वाटत नव्हतं, याचंच त्याला नवल वाटत होतं.

"परत कदी म्हणू नका," प्रियांकाने दम दिला.

"नाय म्हणत," कोंडू म्हणाला.